नऊ चिंचोके, चार वेढे

रेडिओचं डावीकडचं बटण इंदूच्या हातात निघून आलं आणि मागे उरलेल्या लोखंडी दांडीला तिचं बोट लागलं, तेव्हा तिच्या तोंडून आवाजसुद्धा फुटला नाही. ओला कपडा पिळावा तसा कुणीतरी तिचा हात कोपरापर्यंत आतून पिळला, दातांवर दात आपटले, आणि मग ती मेजापासून दोन पावलं मागे उभी होती; बटण मुठीत, पदर खांद्यावरून घसरलेला. हाताकडे तिनं पाहिलंच नाही. तिनं पाहिलं रेवूकडे. रेवू, तिची चौदा महिन्यांची मुलगी, रेडिओ लागला की जिथे असायची तिथेच होती. एका हातानं बुटक्या मेजाचा पाय धरून चवड्यांवर उभी, दुसरा तळवा रेडिओच्या लाकडी कुशीला चिकटवलेला, आणि चेहऱ्यावर ते हसू, जे दिवसभरात दुसऱ्या कशानंही येत नसे. दांडीपासून तिचा तळवा वीतभर लांब होता. इंदूनं भिंतीवरचा खटका बंद केला. गाणं तुटलं. रेवूचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग समोरचं ताट कुणी उचलून न्यावं तसं गेलं. तिनं तळवा उचलून पाहिला, पुन्हा लाकडावर ठेवला, आणि खालचा ओठ पुढे काढला. पोरीला कळलं, इंदूच्या मनात आलं, बंद झालेलं हिला कळलं; आणि तिला किंचित बरं वाटलं.

कारण गेले तीन महिने तिच्या पोटात एक भीती होती आणि ती तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. रेवूला ऐकू येत नसावं. हे वाक्य तिनं मनातही कधी पुरतं उच्चारलं नव्हतं. नुसतं 'रेवूला' म्हणून ती थांबायची आणि स्वयंपाकघरात काहीतरी हुडकायला जायची. श्रावणात पोरीला नऊ दिवस ताप आला होता. डॉक्टर रोज येऊन सुई टोचून जात. दहाव्या दिवशी अंग गार झालं आणि सगळ्यांनी नि:श्वास सोडला. त्यानंतर कधी, कोणत्या दिवशी, इंदूला पहिल्यांदा तसं वाटलं ते आता आठवत नव्हतं. तिनं रेवूच्या पाठीमागे पितळी ताट टाकून पाहिलं होतं. रेवू वळली होती. पण चांद्यातली ही त्यांची जागा म्हणजे जटपुरा वेशीबाहेरची एक माडी, पायाखाली सगळ्या सागवानी फळ्या. ताट पडलं की फळी हलते आणि फळीबरोबर पोरीची मांडीही. देवापुढे घंटी वाजवली, तर रेवूनं पाहिलं. पण निरांजनही त्याच वेळी हललं. टाळी वाजवली तर वारा लागतो. बांगड्या किणकिणवल्या तर त्या चमकतात. तापाआधीच्या आठवणी ती एकेक करून काढायची आणि प्रत्येकीत काही ना काही भेसळ निघायची. पाचव्या महिन्यात अंगाईला पोरगी झोपायची खरी, पण तेव्हा ती इंदूच्या छातीवर असायची. नागपूरला कॉलेजात तर्कशास्त्राच्या तासाला तिनं वहीत सुबक अक्षरात उतरवून घेतलं होतं की डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी असलाच पाहिजे. परीक्षेत या प्रश्नाला तिला उत्तम गुण मिळाले होते. पण हिवाळ्यात सकाळी चांद्याच्या परकोटावर जे तरंगताना दिसतं ते धूर की धुकं हे दुरून कसं ओळखायचं, ते सरांनी सांगितलं नव्हतं. आणि या सगळ्या धुक्यात एकच गोष्ट तिला स्वच्छ वाटायची. रेडिओ. रेडिओ लागला की रेवू खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून येते, हात ठेवते, हसते. बंद झाला की रडते. इथे ना फळी आदळत, ना काही चमकत. ऐकू आल्याशिवाय ती येईल कशी? असा तो एक पुरावा, आणि तो पुरावा आता तिच्या बोटाला चावला होता.

संध्याकाळी पुंडलिकराव आले तेव्हा तिनं दारातच सांगितलं. ते सरकारी लाकूड डेपोत मोजणीदार होते. दिवसभर सागाच्या गोल ओंडक्यांवर फीत टाकायची आणि घेर ओरडून सांगायचा हे त्यांचं काम, त्यामुळे घरातही त्यांचा आवाज मोठाच असे. "झटका बसला? दाखव." त्यांनी तिचं बोट उलटसुलट पाहिलं. "काही नाही. बटणाला कापडाची चिंधी गुंडाळून टाकू."

"चिंधी? आणि रेवूनं चिंधी ओढली तर?"

"ती बटणाकडे कुठं जाते? तिचं आपलं हात लावून ऐकणं चाललं असते." ते रेवूकडे वळून हसले. "रसिक आहे आमची बाई. माझ्या मायचा गळा हिच्यात उतरला असणार. डेपोत मी सगळ्यांना सांगतो, आमच्या घरी एक श्रोता आहे, अजून दात पुरते आले नाहीत."

"मला तो रेडिओ घरात नको."

हे ती बोलली आणि बोलताच घाबरली. रेडिओ गेला तर रेवू कशाशी हसणार? आणि रेवू हसली नाही तर मग आपण काय धरून बसायचं? पुंडलिकराव मात्र नुसते चकित झाले. रेडिओ त्यांच्या मामांनी मुंबईहून पाठवलेला. त्याच्यावर त्यांचा जीव. महिन्यापूर्वी जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, ती बातमी ऐकायला खालचे घरमालक आणि शेजारचे चार जण याच मेजाभोवती बसले होते, आणि निवेदकाचा आवाज घूं घूं करत विहिरीतून यावा तसा येत होता, आणि त्यात मध्येच समोरची लाकूड कापायची आरामशीन चालू झाली तशी नुसती करकर. "बरं, बरं," ते म्हणाले, "इसरूला बोलावतो. तसंही त्या घूंचं काहीतरी करायचंच होतं."

इसरू दुसऱ्या दिवशी दुपारी आला. हिवाळ्यात वडस्याकडे नाटकं लागली की भोंगे आणि मशीन घेऊन गावोगाव हिंडायचं आणि बाकीचं वर्ष चांद्यात रेडिओ दुरुस्त करायचे, असा त्याचा धंदा. बारीक, काळा, कानावर पेन्सिल. आल्या आल्या त्यानं निघालेलं बटण दांडीवर तात्पुरतं बसवून रेडिओ लावला आणि ऐकायला म्हणून मान वाकवली नाही. डोळे मिटून त्यानं उजवा तळवा रेडिओच्या कुशीवर ठेवला. बरोबर तिथे, जिथे रेवू ठेवायची. रेवूनं त्याच्याकडे पाहिलं आणि आपलाही हात ठेवला. दोघं तसे उभे राहिले, तेव्हा इंदूला हसू आलं.

"कानानं ऐक ना रे," पुंडलिकराव म्हणाले.

"कान फसते, साहेब. नाटकात पाच हजार मानूस बसून राह्यते, पोट्टे रडते, कोनी बिडी मांगते, अशात भोंग्यात हम, मंजे ते घूं घूं, हाये का नाई कानाले काय समजते? मी डब्ब्यावर हात ठेवतो. गानं हाताले येते, पन उलिसंक. हम कशी मुंगीवानी चढते. गानं थोडकं, हम जास्त, हाताले दोन्ही अलग समजते." त्यानं हात काढला, मागचा पुठ्ठा उघडला आणि जीभ टाळ्याला लावून टक् केलं. "हा सेट नंगा हाये, बाई."

"नंगा म्हणजे?"

"मंजे याच्या अंगावर कपडाच नाई. दुसऱ्या सेटात आतमधी ट्रान्सफार्मर राह्यते, लाइन त्याच्यातून येते. हा बंबईचा. तिकडं काही मोहल्ल्यात लाइन अलग, डीसीची, दोन्ही लाइनीवर चालाले पायजे म्हून यात तो टाकलाच नाई. भितीतली लाइन सीधी या पत्र्यावर. बटन हाये तवरक ठीक. बटन निघालं का तुमी खांबाले हात लावला समजा."

"आणि लेकरानं लावला तर?"

इसरूनं रेवूकडे पाहिलं, मग तिच्या ओल्या लाळेच्या बोटांकडे, आणि रेडिओची तार भिंतीतून उपटली. तेवढं इंदूला पुरलं. "काय लागेल ते करा," ती म्हणाली.

करायचं ते असं होतं की एक वेगळा ट्रान्सफॉर्मर बांधायचा, भिंतीच्या आणि रेडिओच्या मधात ठेवायचा. इसरूनं पाटीवर दोन वेटोळी काढून दाखवली. एकास एक. जेवढी लाइन इकडून आत, तेवढीच तिकडून बाहेर. "मग त्यानं होतं काय?" पुंडलिकराव म्हणाले. "होते हे का या दोन गुंडाळ्या एकमेकीले कुठीच जुळलेल्या नाई. तार इथी खतम. इथून दुसरी तार. भितीची लाइन भितीकडं राह्यली. रेडिओत जाते ते नुसती थरथर. आता दांडीले हात लागला तरी ते लाइन तुमाले वळखतच नाई." इंदू त्या दोन वेटोळ्यांकडे बघत राहिली. न शिवता एकीतून दुसरीत काही जातं, हे तिला विचित्र वाटलं, आणि तितकंच ओळखीचंही. रेवू पोटात होती तेव्हा असंच होतं की. तिचं रक्त वेगळं, माझं वेगळं, दायी सांगायची. मी दचकले की ती आतून दचकायची. मग आता काय झालं? ती समोर उभी आहे, मी तिला हाक मारते, आणि ती हाक मधल्या मध्ये कुठे जिरते? 

इसरूच्या घरी नाटकवाल्यांच्या सामानानं पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो त्यांच्याच गॅलरीत बसला. युद्धानंतर लिलावात निघालेल्या कुठल्याशा लष्करी यंत्राच्या लोखंडी पट्ट्या त्यानं आणल्या होत्या, तांब्याच्या तारेचं रीळ आणि हातानं फिरवायचा एक लाकडी रहाट. तारेच्या थरांमध्ये घालायचा कागद लाखेत बुडवून दोरीवर वाळत घातला होता. सोमारी, त्यांच्याकडे कामाला येणारी धानोऱ्याकडची बाई, ती लाख पाहून फार खूश झाली. "ही आमच्या पळसाची हाये," ती म्हणाली, "लाइनीच्या पोटात आमचं जंगल." "असू दे, असू दे, हात नोको लावू, चिकटते," इसरू म्हणाला. मग तो मोजायला बसला. मोजताना त्याला बोलता येत नसे. शंभर वेढे झाले की तो डावीकडच्या वाटीत एक चिंचोका टाकायचा. नऊ चिंचोके म्हणजे एक गुंडाळी. पहिली झाल्यावर त्यानं तिच्याभोवती तांब्याचा पातळ पत्रा लपेटला, पण त्याचं टोक टोकाला भिडू दिलं नाही, मधे बारीक फट ठेवून लाखेचा कागद घातला. "हे भिडलं का सगळं जळते," तो म्हणाला. "या पत्र्याची तार जमिनीत गाडाची. मंग आरामशीनची करकर इथून खाली उतरते, सेटात जात नाई." वाटी रिकामी करून तो पुन्हा मोजू लागला. रेवू त्याच्यासमोर फतकल घालून बसली होती आणि फिरता रहाट पाहत होती. तासभर ती तशी बसली. तांब्याची तार उन्हात लाल दिसत होती. इंदू आतल्या उंबऱ्यापाशी गहू निवडत होती, आणि दर थोड्या वेळानं वाटीत चिंचोका पडला की टक् व्हायचं, आणि रेवू त्या वाटीकडे पाहायची नाही. चौथा पडला. पाचवा पडला. रेवूच्या गुडघ्यापासून वाटी हातभर लांब होती. चमकत नव्हती. इंदूचे गव्हातले हात थांबले. चिंचोक्याचा आवाज तो केवढासा, तिनं स्वत:ला सांगितलं. मलाच येतोय कारण मी वाट पाहते आहे. सहावा.

तेवढ्यात सोमारी खालून पाण्याचा हंडा घेऊन आली. दारात थांबून तिनं नेहमीसारखा उजवा पाय दोनदा फळीवर आपटला. आणि रेवू, जिला सहा चिंचोके कळले नव्हते, मान वळवून सोमारीकडे पाहून हात पसरून खिदळली. सोमारी तिच्यापुढे बसली, तोंडाशी तोंड नेलं, आणि मग बोलली, "का करून राह्यली व माही चिमनी?" हे पाय आपटणं इंदूनं महिनाभर पाहिलं होतं. तिनं त्याचा अर्थही लावून टाकला होता. जंगलातल्या गावात अंधाऱ्या घरात शिरताना साप-विंचवासाठी पाय आपटतात; तीच सवय हिला इथे शहरातही. एकदा तिनं टोकलंही होतं, "अगं, इथे कुठले साप? खाली घरमालकांच्या डोक्यात माती पडते." सोमारी तेव्हा 'हो बाई' म्हणाली होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपटला होता. आता इंदूच्या लक्षात आलं की सोमारी एकटीच न्हाणीत जाताना पाय आपटत नाही. अंधाऱ्या जिन्यातसुद्धा आपटत नाही. फक्त रेवू असते त्या खोलीच्या दारात आपटते.

"सोमारी," ती म्हणाली, "तू पाय का आपटतेस ग?"

सोमारीनं हंडा उचलला. "सवय हाये, बाई."

"माझ्याकडे बघून सांग."

"लेकरू दचकते ना, बाई. मागून गेलं का दचकते." ती बघितल्याशिवायच आत गेली. रहाट फिरत होता. इसरू मोजत होता म्हणून बोलणार नव्हता, पण त्याचे ओठ हलत होते, सहाशे चाळीस, सहाशे एक्केचाळीस. आणि इंदूला एकाएकी त्याचा तो मिटल्या डोळ्यांचा चेहरा आठवला, रेडिओच्या कुशीवरचा तळवा, शेजारी रेवूचा तळवा. गानं हाताले येते, पन उलिसंक. हम कशी मुंगीवानी चढते. कालपासून कुणीतरी जिन्यात उभं असावं आणि आपण कडी काढली नसावी, तसं ते वाक्य तिथेच उभं होतं. ती उठून मोरीत गेली आणि विनाकारण हात धूत राहिली. रेवू गाण्याकडे जात नसेल. गाणं सुरू असो, बातम्या असोत, बाजारभाव असोत, ती तशीच हसायची. हे आपण पाहिलं होतं आणि कौतुकानं सांगितलं होतं की बाजारभावसुद्धा ऐकते! ती त्या घूंकडे जात असेल. फळ्यांतून तळव्यांना येणाऱ्या, लाकडातून हातात चढणाऱ्या घूंकडे. आणि तीच घूं हा माणूस माझ्या गॅलरीत बसून, माझ्याच सांगण्यावरून, एकेक वेढा मोजत रेडिओतून काढून टाकतो आहे.

दुसरी गुंडाळी पुरी झाली. नवव्या चिंचोक्यानंतर इसरूनं आणखी चार वेढे घातले. "हे कशाला?" तिनं विचारलं. "वाटंत थोडं हरपते, बाई. भरपाईचे हे चार." मग त्यानं पट्ट्या बसवल्या, लाकडी पेटीत सगळं ठेवून झाकण स्क्रूनं बंद केलं. "पट्ट्या जुन्या हायेत, पेटी उलिशिक घुमंल. पन ते पेटीतच राह्यते. कोपऱ्यात ठेवा, जमिनीवर. लेकरानं वर बसून घोडा घोडा केला तरी भेव नाई."

तोवर बाराचा भोंगा होऊन आरामशीन जेवणासाठी थांबली होती आणि पुंडलिकराव डेपोतून आले होते, सदऱ्यावर भुसा, बोटांना डिंक. नागपूर केंद्राचा दुपारचा कार्यक्रम सुरू व्हायला पाच मिनिटं होती. पेटी खिडकीखालच्या कोपऱ्यात ठेवली, रेडिओ मेजावर खोलीच्या पार या टोकाला, मधे लांब तार भिंतीच्या कडेनं. नवं बटणही बसलं. इसरूनं तार खोचायला हात पुढे केला आणि इंदू म्हणाली, "राहू द्या."

"काय राहू द्या?" पुंडलिकराव हसले.

"नको ते. आहे तसंच असू द्या. बटण बसलं आहे आता घट्ट."

"अगं, तूच तर मागं लागली होतीस. परवा म्हणालीस घरात नको, आज म्हणतेस आहे तसा पाहिजे. दोन दिवस तो बिचारा मोजून राह्यला, त्याचं तरी पाहा."

इसरूनं हात मागे घेतला. त्याला बायकांच्या मनाचं नवल नव्हतं. नाटकात यापेक्षा जास्त पाहिलं होतं. इंदू मेजाला पाठ टेकून उभी होती. तिला जे हवं होतं ते सांगता येण्यासारखं नव्हतं. तिला अजून काही महिने हवे होते. रेवू रेडिओशी उभी राहून हसेल, हे म्हणतील रसिक आहे, डेपोतली माणसं हसतील, आणि आपण मान डोलवू. कुणाला काय त्रास? पण मग तिला दिसलं की ते हसू आणि ती दांडी एकाच लाकडात आहेत, वीतभर अंतरानं. पोरीची उंची महिन्याला वाढते. हे वीतभर किती दिवस वीतभर राहील? म्हणजे आपल्याला न कळण्याची किंमत पोरीनं हातात घेऊन उभं राहायचं. आपल्यालाच ऐकायचं नाही, तिच्या मनात आलं. आणि हे इतकं सरळ आलं की ती बाजूला झाली. "लावा," ती म्हणाली. मग म्हणाली, "थांबा. मी लावते." आणि तार खोचून तिनं खटका दाबला.

रेडिओ तापायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात नेहमी आधी घूं यायची आणि मग तिच्या मागून गाणं. आज काहीच आलं नाही. खोली इतकी शांत होती की पुंडलिकराव म्हणाले, "बिघडला वाटतं," आणि त्यांच्या शब्दावर शब्द पडून एका बाईनं श्वास घेतला. गाण्याआधीचा श्वास. तो या रेडिओवर कुणी कधी ऐकलाच नव्हता. मग सूर लागला, एकटा, खोलीच्या मधोमध, कुणीतरी पडदा सरकवून आत येऊन बसल्यासारखा. तंबोऱ्याच्या चार तारा चार वेगळ्या ऐकू येत होत्या. पुंडलिकरावांचा हात हवेतच राहिला. "अरे," ते म्हणाले, आणि एरवी ओरडून बोलणारा माणूस कुजबुजला, "अरे इसरू, हे काय केलंस रे." त्यांचे डोळे भरले. त्यांची आई जात्यावर गायची, तिचा आवाज आठवत नाही असं त्यांनी लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं. दीडला समोर आरामशीन सुरू झाली, माडीच्या फळ्या नेहमीसारख्या थरारल्या, आणि रेडिओत तिची एक करकर आली नाही. इसरूनं तळवा रेडिओवर ठेवला, डोळे मिटले, आणि समाधानानं मान हलवली. "साफ," तो म्हणाला.

इंदू रेवूकडे पाहत होती. रेवू मघापासून आरामात सोमारीच्या मांडीवर होती. आता ती उतरली, रांगत मेजापाशी आली, पाय धरून उभी राहिली आणि तळवा ठेवला. गाणारी बाई वर चढत होती. रेवूनं भुवया जवळ घेतल्या. तळवा काढला, पुन्हा ठेवला, जरा वर, जरा खाली, झाकण घट्ट बसलेल्या डब्यावर माणूस ठोकून पाहतो तसं एकदा थोपटलं. मग तिनं रेडिओकडे पाठ केली. खाली बसली, दोन्ही हात फळीवर टेकले आणि बराच वेळ तशीच राहिली. मान थोडी वाकडी. आरामशीन क्षणभर थांबली, ओंडका बदलायला थांबते तशी. आणि रेवू निघाली. मेजापासून दूर, गाण्यापासून दूर, पुंडलिकरावांच्या पायांमधून, फळ्यांच्या रेषेनं सरळ खिडकीखालच्या कोपऱ्याकडे. पेटीपाशी पोचल्यावर तिनं दोन्ही तळवे पेटीवर पसरले, मग गाल टेकवला, आणि तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं.

"अगं वेडाबाई!" पुंडलिकराव हसायला लागले. "गाणं इकडे आहे, इकडे! तिथं काय आहे? रेवू!" रेवूची पाठ त्यांच्याकडे होती. "रेवू! ए रेवू!" ते अजून हसत होते, पण तिसरी हाक डेपोत घेर सांगतात तेवढ्या आवाजात गेली, खालून घरमालकांनी 'काय झालं' म्हणून विचारलं, सोमारीनं पदर तोंडाशी नेला, आणि पेटीवरचा गाल हललाही नाही. हसणं त्यांच्या तोंडावर राहिलं, नुसतं तोंडावर. त्यांनी इंदूकडे पाहिलं. सोमारीकडे पाहिलं. इसरूकडे पाहिलं, तर तो पेचकस आणि पक्कड गोळा करण्यात गढला होता.

"हाका मारू नका," इंदू म्हणाली.

ती खोली ओलांडून गेली. दारात सोमारी जसं करायची तसं तिनं पाय फळीवर दोनदा आपटला. पहिल्यांदाच, त्यामुळे जरा चुकीचा, फार जोरात. रेवूनं गाल उचलला, वळून पाहिलं, आई दिसली तशी खिदळली. इंदू तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिनं आपला तळवा पेटीवर ठेवला. आधी काही नाही, नुसतं लाकूड. मग बोटांच्या मुळांशी काहीतरी बारीक जागं झालं, मनगटापर्यंत आलं, आणि थांबेचना. एकसारखं, ऊबदार, धावत नसलेलं. हिला इतके दिवस हे येत होतं. आपण गाणं समजत होतो, आणि हे येत होतं. रेवूनं आईच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे, पुन्हा हाताकडे. आपल्या घरात दुसरं कुणी आलेलं तिनं प्रथमच पाहिलं असावं. तिनं आपली ओली बोटं आईच्या बोटांवर ठेवली आणि खाली दाबली, नीट धर म्हणून सांगावं तशी.

मागे पुंडलिकराव अजून तिथेच उभे होते. रेडिओतली बाई गात होती, एकेक अक्षर सुटं, कधी नव्हे इतकी स्वच्छ.

"अहो," इंदू मान न वळवता म्हणाली, "ते असू द्या गाणं. इकडे या. इथे बसा, आणि हात ठेवा."